दुसऱ्या वर्षानंतरचा रस्ता

२०२५च्या जूनमध्ये पाच परदेशी विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबईत शाखा काढण्यासाठी इरादापत्रं मिळाली, तेव्हा आमच्या अमरावतीच्या कॉलेजच्या ग्रुपवर आनंदीआनंद होता. आता पोरांना कर्ज काढून बाहेर पाठवायला नको, असं बहुतेकांचं म्हणणं. त्याच्या चारच महिने आधी याच ग्रुपवर दुसरा विषय पेटला होता. एका खासगी संस्थेला ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळवून देण्यासाठी लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली होती. तेव्हा सूर होता, नॅक बंदच करून टाका.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत बसून मी हे दोन्ही वाद वाचत आले आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट खटकली. महाविद्यालयाचं मानांकन असतं कशासाठी, हे कुणी विचारतच नाही. श्रेणी खरी की विकत घेतलेली, यावर आपण हिरिरीने बोलतो. पण ती श्रेणी विद्यार्थ्याच्या काय कामाची? माझ्या मते मानांकनाचं पहिलं काम एकच आहे: एका महाविद्यालयात मुलगा जे शिकला ते दुसऱ्या महाविद्यालयाने विश्वासाने मान्य करावं. हे काम होत नसेल तर प्रवेशद्वारावरचा फलक कितीही मोठा असला तरी त्याचा मुलांना उपयोग नाही.

मला हे कळलं ते मुलीमुळे. बारावीनंतर तिने क्युपर्टिनोतल्या डी अँझा कॉलेजात जायचं ठरवलं. हे दोन वर्षांचं सरकारी कम्युनिटी कॉलेज. आमच्याकडच्या मराठी घरांमध्ये या निर्णयाचं स्वागत झालं नाही. ‘डी अँझाला? मार्क कमी पडले का?’ असं गणपतीच्या आरतीनंतर तोंडावर विचारणारे भेटले. गंमत म्हणजे याच मंडळींपैकी कितीतरी बायका एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, नोकरी करता येत नव्हती त्या काळात याच कॉलेजात अकाउंटिंग, प्रोग्रॅमिंग शिकून उभ्या राहिल्या आहेत. फी हे एक कारण होतंच. राज्याच्या रहिवाशांना तिथे एका युनिटला (म्हणजे एका क्रेडिटला) ३१ डॉलर पडतात. पण खरं कारण वेगळं होतं. तिथून सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जायचा रस्ता तिला आधीच दिसत होता.

तो रस्ता अक्षरशः पडद्यावर दिसतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी महाविद्यालयांसाठी ‘असिस्ट’ नावाचं एक संकेतस्थळ आहे. आपलं कॉलेज निवडायचं, जायचं ते विद्यापीठ निवडायचं, विषय निवडायचा. समोर दोन रकाने उघडतात. एका बाजूला विद्यापीठाचा पेपर, दुसऱ्या बाजूला त्याला चालणारा आपल्या कॉलेजचा पेपर. कॅल्क्युलसच्या एका पेपरापुढे डी अँझाचे दोन पेपर लिहिलेले होते आणि मधे ‘आणि’, म्हणजे दोन्ही करावे लागणार. एका ठिकाणी मात्र समकक्ष पेपरच नाही, असंही स्पष्ट लिहिलेलं. डी अँझात तिमाही सत्रं, सॅन होजे स्टेटमध्ये सहामाही, त्यामुळे डी अँझाची ९० युनिट म्हणजे तिकडची ६०, हाही हिशोब ठरलेला. कुणाच्या केबिनबाहेर उभं राहायचं नाही, ओळख काढायची नाही. शिवाय २०१०च्या कायद्याने ट्रान्सफरसाठी खास असोसिएट पदवी, म्हणजे दोन वर्षांची पदवी, आली. ती घेतली तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या राज्यभरच्या व्यवस्थेत (सॅन होजे स्टेट तिचाच एक कॅम्पस) कुठे ना कुठे जागा मिळण्याची हमी असते. हव्या त्याच कॅम्पसची हमी नसते, आणि यावरून इथले पालकही चिडतात.

हा रस्ता आपोआप तयार झालेला नाही. सॅन होजे स्टेटचाच इतिहास बघा. १८५७ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज मिन्स यांच्या देखरेखीखाली शिक्षकांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. १८६२ मध्ये राज्य सरकारने ते ताब्यात घेतले आणि ते कॅलिफोर्नियाचं नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, झालं. आपल्या आजी-पणजीच्या पिढीतल्या मास्तरणी ज्या तऱ्हेच्या नॉर्मल स्कूलमधून बाहेर पडायच्या, त्याच तऱ्हेचं. १८७१ मध्ये ते सॅन होजेला आलं. १८८२ मध्ये त्याची एक शाखा लॉस एंजेलिसला उघडली, आणि आज जगभर नावाजलेलं यूसीएलए ते हेच. सॅन होजेचं मूळ स्कूल मात्र टीचर्स कॉलेज, मग स्टेट कॉलेज, असं करत करत १९७४ मध्ये आजच्या नावाला पोचलं. शाखा आईपेक्षा कितीतरी मोठी झाली.

अशा संस्था राज्यभर पसरल्या की त्यांच्यात चढाओढ लागते. प्रत्येकाला संशोधन विद्यापीठ व्हायचं असतं, प्रत्येकाला अनुदान हवं असतं. १९६० मध्ये गव्हर्नर पॅट ब्राऊन यांच्या काळात कॅलिफोर्नियाने कायदाच करून कामं वाटून दिली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर हे त्यामागचं मोठं नाव. शाळेतून निघणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, पीएचडी आणि संशोधन मुख्यतः तिच्याकडे. वरच्या एक तृतीयांश मुलांसाठी स्टेट युनिव्हर्सिटी. आणि शिकू इच्छिणाऱ्या कुणालाही कम्युनिटी कॉलेज. खालून वर जायची वाट उघडी राहावी, ही त्या योजनेतली कळीची अट. आज स्टेट युनिव्हर्सिटीत साडेचार लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत आणि कम्युनिटी कॉलेजं ११६ आहेत. एवढ्या पसाऱ्यात एकाचं क्रेडिट दुसऱ्याला चालायचं तर कुणीतरी तटस्थपणे सांगायला हवं की हे कॉलेज खरंच शिकवतं. ते काम मानांकन करणाऱ्या आयोगांचं.

हे आयोग सरकारी खाती नाहीत. महाविद्यालयांनीच मिळून चालवलेल्या ना-नफा संस्था आहेत आणि तपासणीला येतात ते दुसऱ्या महाविद्यालयांतले प्राध्यापक-प्रशासक. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं शिक्षण खातं या आयोगांना मान्यता देतं. आयोगाने मानांकन काढून घेतलं तर त्या कॉलेजच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आणि कर्ज मिळत नाही, म्हणजे कॉलेज जवळपास बंदच पडतं. एवढा अधिकार बिनसरकारी आयोगाच्या हातात असला की काय होतं, हे इथून तासाभरावर असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोने भोगलं आहे, आणि ते आपल्याकडच्या लोकांनी जरूर वाचावं.

सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को हे १९३५चं सार्वजनिक कॉलेज. एके काळी ८० हजारांहून जास्त विद्यार्थी. त्यात नुकते आलेले स्थलांतरित, इंग्रजी शिकणाऱ्या वयस्क बायका, हॉटेलात काम करून संध्याकाळी वर्गात बसणारे. २०१२ मध्ये कम्युनिटी कॉलेजांच्या आयोगाने (डी अँझाही याच आयोगाकडे) त्याला ‘मानांकन का काढू नये’ अशी नोटीस दिली आणि २०१३च्या जुलैत वर्षभराने मानांकन संपवण्याचा निर्णय जाहीर केला. शिकवणं वाईट आहे, हा मुख्य आक्षेप नव्हता. आक्षेप होता तो पैशाच्या नियोजनावर आणि कारभारावर. लोकांनी निवडून दिलेल्या विश्वस्त मंडळाचे अधिकार काढून एका विशेष विश्वस्ताकडे दिले गेले. कॉलेज बंद होणार, या भीतीनेच हजारो विद्यार्थी सोडून गेले.

मग शहराचे सरकारी वकील (सिटी ॲटर्नी) डेनिस हरेरा आयोगाविरुद्ध कोर्टात गेले. २०१५च्या जानेवारीत न्यायाधीश कर्टिस कार्नो यांनी निकाल दिला की या प्रक्रियेत आयोगाने कायदा मोडला आहे. २०१७ मध्ये कॉलेजला पूर्ण सात वर्षांचं मानांकन परत मिळालं. गेलेले विद्यार्थी मात्र तसे परत आले नाहीत. तपासणी करणारा चुकला तर त्याला जाब विचारायला शहर उभं राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. नोटीस, अहवाल, कॉलेजचं उत्तर, सगळं लोकांसमोर होतं, म्हणूनच ते शक्य झालं.

आता माझ्या कॉलेजकडे येते. अमरावतीचं व्हीएमव्ही, म्हणजे विदर्भ महाविद्यालय, कागदोपत्री शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालं. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ निघालं आणि कॉलेज त्याला जोडलं गेलं. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ आलं तेव्हा तिकडे गेलं. आता ते स्वायत्त आहे. दगडी इमारत, आवारातली झाडं, प्रयोगशाळेत रसायनांचा तो वास, आणि खेड्यातून एसटीने येणारी मुलं. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या घरातल्या पहिल्या पदवीधरांना घडवायचं काम या कॉलेजने शंभर वर्षं केलं. सॅन होजे स्टेटने इथे जे केलं तेच. दोन्ही संस्थांबद्दल मला सारखाच आदर आहे.

पण व्हीएमव्हीसारख्या किंवा तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात दोन वर्षं केलेल्या मुलीला, वडिलांची बदली झाली म्हणून, लग्न ठरलं म्हणून किंवा नुसतं पुढे जायचं म्हणून, तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर? स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रतेचा अर्ज, अभ्यासक्रम जुळतो की नाही यावर अभ्यास मंडळाचं मत, आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून गेलेली. माझ्या चुलत भावाच्या मुलीचं एक वर्ष यात गेलं. दोन्ही कॉलेजांना नॅकची चांगली श्रेणी होती. एकाची ‘ए’ श्रेणी दुसऱ्याच्या लेखी काहीच नव्हती.

नॅक १९९४ सालची. चारपैकी ३.५१ किंवा जास्त गुण आले की ‘ए प्लस प्लस’. २०१७ नंतर गुणांचा मोठा भाग कॉलेजने पाठवलेल्या आकड्यांवर अवलंबून राहिला आणि पुरावे गोळा करणं हाच एक उद्योग झाला. माझी एक मैत्रीण प्राध्यापक आहे. वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला की अक्षांश-रेखांशासह जिओटॅग फोटो, उपस्थितीचं पत्रक, अहवाल, प्राचार्यांची सही, आणि मग फाइल आयक्यूएसीकडे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडे. ‘नॅक’ यायची झाली की महिना-दीड महिना हेच. भिंतींना रंग, बागेत नव्या कुंड्या. तिच्या विभागात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत. तास घेतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक, ज्यांना दर घड्याळी तासाप्रमाणे पैसे मिळतात आणि तेही महिनोन्महिने थकतात. समितीपुढे त्याच शिक्षकांनी नीट कपडे करून बसायचं असतं.

२०२४च्या जानेवारीत सुधारणा जाहीर झाली. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीच्या शिफारशींवरून श्रेण्यांऐवजी आधी ‘मानांकित आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगायचं, आणि पुढे पाच पातळ्या. मला ही दिशा बरोबर वाटते. श्रेणीच नसेल तर ती विकत घेण्याची धडपडही कमी होईल. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सही आहे. विद्यार्थ्याच्या खात्यात क्रेडिट साठतात. पण ते क्रेडिट दुसऱ्या विद्यापीठाने स्वीकारायचे की नाही, हे ठरवणारा दोन रकान्यांचा तक्ता कुठे आहे? तो बनवायला परदेशी विद्यापीठ लागत नाही. अमरावती, नागपूर, पुणे, मुंबईच्या अभ्यास मंडळांनी एकत्र बसायला लागतं.

इथलं सगळं छान आहे, असं कुणी वाचू नये. कम्युनिटी कॉलेजात ट्रान्सफरच्या इराद्याने आलेली कितीतरी मुलं पुढे पोचतच नाहीत. नोकरी, घरभाडं, लहान भावंडं यांत ती गळतात. स्टेट युनिव्हर्सिटीतही निम्म्याहून जास्त शिक्षक कंत्राटी आहेत, त्यातले काही आठवड्यात तीन-तीन कॉलेजांत गाडी चालवत फिरतात. २०२४च्या जानेवारीत स्टेट युनिव्हर्सिटीच्या शिक्षकांनी सगळ्या कॅम्पसवर संप केला. त्याच वर्षापासून पाच वर्षं दरसाल सहा टक्के फीवाढ सुरू झाली. मानांकनही आता राजकारणात ओढलं गेलं आहे. २०२५ मध्ये दक्षिणेतल्या सहा राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठ व्यवस्थांनी मिळून स्वतःचा वेगळा आयोग काढायचं जाहीर केलं. राज्यकर्त्यांना सोयीचा आयोग निघाला तर एकमेकांच्या क्रेडिटवरचा विश्वास किती टिकेल, याची मला काळजी वाटते. माझी मुलगी याच व्यवस्थेत आहे.

तरीही, ग्रुपवरच्या माझ्या मित्रमैत्रिणींना, त्यातल्या प्राध्यापकांना आणि दोघे-तिघे विद्यापीठाच्या अधिसभेवर आहेत त्यांना, माझं एक मागणं आहे. पुढच्या वेळी नॅकची तपासणी होईल तेव्हा वृक्षारोपणाच्या फोटोंबरोबर एक तक्ता पुढे ठेवा: गेल्या पाच वर्षांत आपल्याकडून दुसऱ्या वर्षानंतर किती मुलं बाहेर गेली, कुठल्या विद्यापीठात गेली, त्यांचे किती क्रेडिट मान्य झाले आणि किती नाकारले. नाकारले असतील तर त्या विद्यापीठाने दिलेलं कारणही लिहा. आणि तो तक्ता कॉलेजच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे दर्यापूरच्या किंवा चांदूरच्या मुलीला पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच तो वाचता येईल.