ॲम्बेसिडर गळणारच, हे मला मान्य नाही

महिनाभरात एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. त्यात म्हटलंय, ‘ॲम्बेसिडरचं इंजिन ऑइल गळणारच, तो तिचा स्वभाव. उन्हाळ्यात जाड ऑइल घाला, गळती थांबवणारं औषध टाका, बोल्ट आवळा, सांध्यांवर सिलिकॉन फासा. तरीही मागून गळत असेल तर इंजिन उतरवून मागचं सील बदला.’ आमच्याकडे सोलापुरात वडिलांनी घेतलेली १९८४ची पेट्रोल ॲम्बेसिडर आहे, मार्क फोर मॉडेल. यातले बहुतेक उपाय तिच्यावर करून झालेत, पैसेही घालवून झालेत. म्हणून लिहितोय.

शेवटच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त खर्चात तोच पाडतो. या १४८९ सीसी इंजिनाला मागे रबरी सील नसतंच. हे मूळचं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज इंजिन. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, मागच्या टोकाला उलटे आटे कोरलेले असतात. क्रँक फिरते तोवर ते आटे ऑइल परत आत ढकलतात. गाडी बंद झाली की हे ढकलणं थांबतं, त्यामुळे बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या आवरणाखाली) थेंब-दोन थेंब पडू शकतात. तेवढ्यापुरता तो मजकूर खरा. पण सकाळी फरशीवर वाटीभर ऑइल दिसत असेल तर तो स्वभाव नाही, बिघाड आहे.

आमच्या गाडीखाली असंच तळं साचायचं. एका गॅरेजवाल्याने खालून एकदा बॅटरी मारली आणि सांगितलं, “साहेब, इंजिन उतरवावं लागंल.” तयारीही झाली होती. पण अक्कलकोट रोडच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, ते म्हणाले, “आधी धुवा, मग बोला.” रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुतलं, हवा मारून कोरडं केलं आणि घरातली टाल्कम पावडर त्यावर भुरभुरली. विजापूर रोडने एक चक्कर मारून आलो. मिस्त्रींनी मॅनिफोल्डखाली (इंजिनाला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांखाली) दाढीचा छोटा आरसा धरला. पांढऱ्या पावडरीत एक बारीक काळी रेघ उतरली होती, ब्लॉकच्या डाव्या बाजूच्या मागच्या साइड कव्हरपासून थेट बेल हाउसिंगपर्यंत. ऑइल वरून खाली येतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे गळतं एकीकडे, टपकतं दुसरीकडे.

मॅनिफोल्ड काढून ते कव्हर उघडलं तेव्हा कॉर्कच्या पॅकिंगचा भुगा हातात आला. कव्हर मधोमध आत दबलेलं होतं, कारण त्याला मध्ये एकच बोल्ट असतो आणि तो कुणीतरी जीव खाऊन आवळलेला. ‘बोल्ट आवळा’ या सल्ल्याला माझं हेच उत्तर आहे. कॉर्क दाबून सील होतो, चिरडून नाही. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, पत्र्याचंही तेच. जास्त आवळलं की भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. आम्ही कव्हर ऐरणीवर हलक्या हाताने सपाट केलं, नवा कॉर्क फक्त कव्हरच्या बाजूला पातळ कंपाउंड लावून चिकटवला आणि बेताने आवळलं. त्याला दोन पावसाळे झाले, फरशी कोरडी आहे.

जाता जाता एक. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दुकानात पडून राहिलेलं कॉर्क पॅकिंग आखडतं आणि भोकं जुळत नाहीत. ओढून बसवू नका, फाटेल. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, ते फुलतं.

सिलिकॉनचा मला राग आहे. बाहेर जेवढं ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं. ते तुकडे सुटून चेंबरमध्ये पडले आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसले तर बेअरिंगला ऑइल मिळत नाही. गळतीचा खर्च शेकड्यांत, बेअरिंगचा हजारांत.

औषध रबर फुगवतं. कॉर्क आणि लोखंडी आट्यांवर त्याचा काय उपयोग?

जाड ऑइलचं म्हणाल तर २०डब्ल्यू-५० मधला ५० हा आकडा १०० अंश तापमानाला मोजलेल्या दाटपणावरून ठरतो. सोलापुरातलं ४३ अंशांचं ऊन त्यापुढे काहीच नाही. आणखी जाड ऑइल सकाळी स्टार्ट करताना वर रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपर्यंत) उशिरा पोचतं, तोवर तिथे कोरडं घासतं.

मजकुरात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, तो म्हणजे ब्रीदर, इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट. त्याची नळी चिखलाने किंवा काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि चांगल्या पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर पडतं. नळी काढा, रॉकेलने धुवा, फुंकून बघा. ती मोकळी असूनही, इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढल्यावर धूर भकाभका बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तेव्हा मात्र इंजिन उतरवा, आणि त्या खर्चात काटकसर करू नका.