टॉवर लाइनखाली पांढऱ्या पेशी मरतात? मेसेज तपासून पाहू

‘टॉवर लाइनखाली हातात धरलेली ट्यूबलाइट आपोआप पेटते, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरणारच!’ असा मेसेज व्हिडिओसकट फिरतोय. व्हिडिओ खोटा नाही. पुढचं सगळं गडबडीचं आहे. त्याच्या बाजूनं केले जाणारे दावेही एकेक करून पाहू.

ट्यूब पेटते, कारण ४०० केव्ही (चार लाख व्होल्ट) लाइनखाली जमिनीलगत विद्युतक्षेत्र मीटरला १० किलोव्होल्टपर्यंत जाऊ शकतं आणि ट्यूबमधला विरळ वायू मंद उजळायला अगदी थोडा प्रवाह पुरतो. माणसाचं शरीर मात्र चांगलं वाहक. विद्युतभार कातडीवरच जमतो आणि आतलं क्षेत्र साधारण दशलक्षांश उरतं, म्हणजे मीटरला सरासरी दहा-वीस मिलिव्होल्ट.

‘विद्युतक्षेत्रात पांढऱ्या पेशी सरकतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय.’ दिसलंय, खरंच. टी-पेशी, मॅक्रोफेज या प्रकारच्या पांढऱ्या पेशी सरकतात. जखमेभोवती शरीर स्वतःच असं क्षेत्र तयार करतं. पण ते डीसी, म्हणजे एकाच दिशेचं, असतं आणि मीटरला १०० व्होल्टच्या घरातलं, म्हणजे वरच्या आकड्याच्या किमान पाच हजार पट. लाइनचं क्षेत्र सेकंदाला १०० वेळा दिशा बदलतं. पेशीनं जायचं कुठे? शिवाय १० मायक्रॉनच्या पेशीच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणावर, लाइनच्या क्षेत्रातून पडणारा विद्युतदाब एका मायक्रोव्होल्टच्याही आत. नुसत्या उष्णतेमुळे पटलावर होणारी चलबिचलच ३० मायक्रोव्होल्टच्या आसपास असते.

‘डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) कॅन्सरकारक ठरवलंय.’ त्यांच्या कर्करोग संस्थेनं २००२ मध्ये ‘२बी’, म्हणजे ‘कदाचित’, या गटात टाकलं ते चुंबकीय क्षेत्र. आधार होता बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाशी दिसलेला सांख्यिकी संबंध. विद्युतक्षेत्र गट ३ मध्ये, म्हणजे वर्गीकरणापुरता पुरावा नाही. प्रतिकारपेशींबद्दल डब्ल्यूएचओच्या २००७ च्या आढाव्यात निष्कर्ष विसंगत आहेत: एनके पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) कुठे वाढल्या, कुठे घटल्या.

‘मोबाइल ॲप ४२ मायक्रोटेस्ला दाखवतं.’ ते पृथ्वीचं चुंबकत्व! लाइनपासून दोन किलोमीटर लांब जाऊन बघा, आकडा जवळपास तोच. विद्युतक्षेत्र मोजणारा सेन्सर फोनमध्ये नसतोच.

घाबरायचंच तर वेगळ्या गोष्टीला. लाइनखालचं तारेचं कुंपण अर्थिंग केलेलं (जमिनीला जोडलेलं) नसेल, तर हात लावताच चटका बसतो. रबरी टायरवरच्या ट्रॉलीचंही तेच, तिला जमिनीला टेकणारी साखळी लावा. आणि तुषार सिंचनाचा ६ मीटरचा ॲल्युमिनियम पाइप तिथे कधीच उभा करू नका. ४०० केव्ही तारेची जमिनीपासून किमान उंची ८.८४ मीटर, पाइप खांद्यावरून उभा झाला की अंतर दीड मीटरच्या आत येतं, आणि वीज झेप घ्यायला तार शिवावी लागत नाही.