‘क्षुल्लक कागदांपायी बारा वर्षं फुकट’ : अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्याकडून नेलेल्या फिलिपिनो-अमेरिकन प्रेमकथेला तुम्ही एकच तारा दिलात. तक्रारी तीन : नायक-नायिका ‘क्षुल्लक कागदांपायी’ बारा वर्षं दुरावतात हे पटत नाही, कॅलिफोर्नियात स्वतः नर्स असलेली कमावती नायिका आईच्या एवढी मुठीत कशी, आणि अर्धं पुस्तक जेवणावळींत जातं. शिवाय पैसे परत हवेत.

जेवणावळींवर वाद घालत नाही. बाप्तिस्मा असो की वाढदिवस, कॅलिफोर्नियातल्या डेली सिटीतलं ते अख्खं गणगोत सिनिगांगवर, म्हणजे चिंचेच्या आंबट रश्श्यावर, तुटून पडतं. मला वाचताना भूक लागली, तुम्हाला कंटाळा आला. शेवटची पन्नासेक पानं पसरट आहेत, हेही मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगते.

पण ‘आधी लग्न करायचं आणि मग जायचं, त्यात काय एवढं?’ हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही. लेखिकेने ही अडचण कथेच्या सोयीसाठी रचलेली नाही, ती अमेरिकेच्या कायद्यात आहे. नायिकेची आई आधी सौदीत, मग कॅलिफोर्नियात नर्स. तिच्या हाती ग्रीन कार्ड आलं तेव्हा मुलीची एकविशी उलटलेली, म्हणजे आईबरोबर जायची वाट बंद. ग्रीन कार्डवाल्याला एकवीस वर्षांवरच्या मुलासाठी अर्ज करता येतो, पण ते मूल अविवाहित असेल तरच. मध्येच लग्न केलं की अर्ज आपोआप रद्द, इतकी वर्षं व्हिसाच्या रांगेत काढली ती पाण्यात. आई नागरिक झाल्यावर लग्न चाललं असतं, पण मग रांगच बदलते, आणि फिलिपिन्ससाठी ती रांग वीस वर्षांच्या वर गेलेली आहे. गुपचूप लग्न उरकून कागदावर ‘अविवाहित’ लिहिलं आणि ते पुढे उघडकीस आलं, तर मिळालेलं कार्डही जाऊ शकतं. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या मुलीने बावीसाव्या वर्षी करायचं तरी काय होतं? नायकाला खरं कारण न सांगता ती निघून गेली ही तिची चूक, आणि कादंबरी तिला त्याबद्दल सोडत नाही. रांग कुठवर आली हे दर महिन्याला सांगणाऱ्या अमेरिकेच्या व्हिसा बुलेटिनात कौटुंबिक अर्जांच्या तक्त्यात चारच देशांना स्वतंत्र रकाना असतो : चीन, भारत, मेक्सिको, फिलिपिन्स. आपल्यातही ज्यांच्या घरातलं कुणी त्या रांगेत आहे, त्यांना ‘क्षुल्लक’ हा शब्द सुचणार नाही.

आईच्या मुठीबद्दल. ही मुलगी अमेरिकेत वाढलेलीच नाही, आजीच्या हाताखाली वाढली. फिलिपिन्सवर 1898 पासून 1946 पर्यंत अमेरिकेचा अंमल होता. त्या काळातच तिथे अमेरिकन धर्तीच्या, इंग्रजीतून शिकवणाऱ्या नर्सिंग शाळा निघाल्या. मग परदेशी नर्सेसना काही काळ अमेरिकेत काम-प्रशिक्षणासाठी नेणारी 1948 ची एक्स्चेंज योजना आणि कायमचं स्थायिक व्हायची वाट रुंद करणारा 1965 चा इमिग्रेशन कायदा आला, आणि तिथल्या नर्सेस अमेरिकेतल्या इस्पितळांत पिढ्यान्‌पिढ्या जात राहिल्या. मागे राहिलेली मुलं आज्या-मावश्यांनी सांभाळली. आईच्या रात्रपाळ्यांवर आपलं शिक्षण झालं हे जिला ठाऊक आहे, ती अर्धा पगार घरी पाठवते यात अचंबा कसला?

आणि गॅरेजमधल्या खोक्याचं प्रकरण तुमच्या अभिप्रायात आलंच नाही. आई गावी पाठवायचा बालिकबायान खोका, म्हणजे परदेशातले फिलिपिनो घरच्यांना भेटवस्तू भरून पाठवतात तो, भरतेय. कॉर्न्ड बीफचे डबे टॉवेलात गुंडाळलेले, नव्या बुटांच्या पोटात साबणाच्या वड्या कोंबलेल्या, बोटभर जागा रिकामी नाही. तळाशी मुलीला एक पुरुषी शर्ट सापडतो. ज्या मुलाला आईने तोडायला लावलं, त्याच्या मापाचा. मधल्या सगळ्या वर्षांत दर ख्रिसमसला असा एक शर्ट त्याच्या घरी गेलेला असतो. तुम्ही तिला ‘खाष्ट खलनायिका’ म्हटलंय. मला ती बाई दोन्ही प्रेमिकांपेक्षा जास्त आवडली. तिच्यासाठीच ही कादंबरी मी टेबलावर पुढे मांडते, आणि पुढेही मांडणार.

आता पैशांचं. बांधणी सुटली किंवा पानं गहाळ असली तर आम्ही पुस्तक बदलून देतो. आवडलं नाही म्हणून पूर्ण पैसे परत देत नाही, तसं बिलावर छापलेलं आहे. वाचलेली पुस्तकं मात्र आम्ही अर्ध्या किमतीत परत घेतो, तो नियम तुम्हालाही लागू आहे. बिल नसलं तरी चालेल. सोमवारी दुकान बंद असतं, एरवी दहा ते आठ कधीही या.