पवई तलाव भरला म्हणजे पाणीकपात टळली? नाही!
'पवई ओसंडून वाहतोय, मुंबईकरांची पाणीचिंता मिटली' हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. पवईचं पाणी पिण्यायोग्यच नाही. ते उद्योगांना आणि आरे वसाहतीत इतर कामांसाठी दिलं जातं. पिण्याचं पाणी सात वेगळ्या जलाशयांतून येतं. त्यातला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा, तोही दूर शहापूर तालुक्यात. शहरातले विहार आणि तुळशी मिळून तीन टक्केही नाहीत! म्हणजे अंधेरी सबवे तुंबला तरी दूरच्या जलाशयांकडे पाऊस नसेल तर कपातीची टांगती तलवार कायम. त्यात हल्ली पाऊस मोजक्या दिवसांत धो-धो कोसळतो. म्हणूनच महापालिकेने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा रोज 20 कोटी लिटरचा प्रकल्प आखलाय. महागडा खरा, पण पावसावर अवलंबून नाही.