बारा कोसांचा नियम

दर रविवारी दुपारी तीन वाजता मी ड्वॉर्फ होतो. नाव धोंडू, दाढी बेंबीपर्यंत, हातात कुऱ्हाड. एरवी मी अचलपूरचा, सध्या कोथरूडात भाड्याने राहणारा, जीएसटीचे रिटर्न भरणारा सरळमार्गी माणूस. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, हा खेळ खेळायचा नाद मला रूम पार्टनरने लावला. खेळ चालवतो तोच, म्हणजे आमचा डीएम, डंजन मास्टर. राक्षस, राजे, दुकानदार, गाढव, सगळ्यांच्या वतीने तोच बोलतो. भांडी मात्र घासत नाही.

या खेळात भाषांची चंगळ आहे. एल्फांची एल्विश, ड्रॅगनांची ड्रॅकोनिक, नरकवासीयांची इन्फर्नल. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत तर नीतीनुसारही भाषा होत्या: शिस्तीच्या बाजूने असलेल्यांची एक, अंदाधुंदीवाल्यांची दुसरी. (आपल्याकडे असं असतं तर निवडणुका किती सोप्या झाल्या असत्या.) पण 'कॉमन' नावाची भाषा जवळपास सगळ्यांनाच येते, त्यामुळे बाकीच्या भाषा बायोडाटातल्या 'संस्कृत: वाचता येते' सारख्या नुसत्या शोभेला राहतात.

डीएमला हे खुपलं. मागच्या दिवाळीत त्याने वही काढली आणि घरचा नियम जाहीर केला. "दर बारा कोसांवर भाषा बदलते," तो म्हणाला. "कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल. बारा कोस म्हणजे चोवीस मैल. आणि खेळाच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे आपली टोळी साध्या चालीने दिवसाला किती चालते? चोवीस मैल!" हे सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सारांश, रोज सकाळी उठून आम्ही नव्या बोलीत अडाणी. समोरचा काय म्हणाला हे कळायला वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि फासा पडला की समजूतही पडली.

शिवाय प्रत्येक जमातीला त्याने एकेक मराठी वाटली. एल्फांना पुणेरी, त्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. ड्वॉर्फांना मालवणी, गॉब्लिनांना वऱ्हाडी. आता टेबलावर वऱ्हाडी येणारा मी एकटा, आणि मी ड्वॉर्फ. मालवणी येणारी कुडाळची मैत्रीण, ती एल्फ. मी "माका म्हायत नाय" म्हटलं की ती कानावर हात ठेवायची. आमच्या चोरालाही त्याने सोडलं नाही. पुस्तकातल्या चोरांच्या सांकेतिक बोलीत साधा निरोप द्यायलाही चौपट वेळ लागतो. डीएमने त्या जागी जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषा आणली. उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. चोर दोरखंड घ्यायला गेला आणि मुळूच्या जागी अंगुळू मोहरा देऊन आला.

मग आली गॉब्लिनांची खिंड. सरदार भाल्याला टेकून उभा. डीएमने घसा खाकरला. "काय रं पाव्हनं, कुणीकडं निघालासा?"

"हा गॉब्लिन पन्हाळ्याचा आहे," मी म्हटलं. "वऱ्हाडातला 'कुठी चालले बाप्पा?' म्हणेल." सिनेमा पाहून मराठी शिकलेल्यांना वाटतं, पुणं सोडलं की सगळीकडे एकच गावरान बोली बोलतात. डीएमने मुकाट्याने वहीत दुरुस्ती केली आणि माझ्याकडे पाहून हसला. ते हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"सांबार आना," सरदार म्हणाला, "मंगच जाऊ देतो."

सगळ्यांनी फासे टाकले. चार, सात, दोन, आणि माझा तीन. चोर पातेलं शोधायला लागला. एल्फबाई शेवग्याच्या शेंगांची चौकशी करायला लागल्या. आणि मी? आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला चालायला लागायच्या आधीपासून ठाऊक आहे. मी तोंड उघडलं.

"मेटागेमिंग!" डीएम ओरडला. "तुला माहीत असेल. धोंडूला माहीत नाही."

याचं मूळ मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी आई पुण्याला आली होती. तिने याला सांगितलं, "कोपऱ्यावरून थोडा सांबार आन बरं." हा उडुप्याकडून अर्धा लिटरची गरम पिशवी घेऊन आला. आई इतकी हसली की भाजी लागली. तो अपमान याने वर्षभर मुरवत ठेवला होता.

मी कायद्याने लढलो. गॉब्लिनांची भाषा ड्वॉर्फांच्याच लिपीत लिहितात, पुस्तकात आहे, तेव्हा लिहून दाखव. त्याने लिहून दाखवलं. "वाचता येईल. कळेल कशाला? तुला नेपाळी वाचता येतं की." मग एल्फबाईंनी भाषा समजण्याचा मंत्र टाकला, तासभर चालणारा. डीएमने शांतपणे पान उघडलं: मंत्राने शब्दशः अर्थ कळतो. "सांबारचा शब्दशः अर्थ सांबार. शिवाय मंत्र भाषेवर चालतो, ही बोली आहे." इथे कुडाळकरीण खवळली. मालवणी ही बोली नसून भाषा आहे, यावर पुढची वीस मिनिटं गेली. त्यात वऱ्हाडीचा काही फायदा झाला नाही. नवी भाषा शिकायची तर २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे अडीचशे दिवस आणि रोजची एक सुवर्णमुद्रा. आमच्याकडे मोहरा अकरा होत्या, त्याही चोराकडे.

तीन वेळा आम्ही गॉब्लिनांना डाळीचं सांबार पाजलं. त्यांनी ते आवडीने प्यायलं आणि पुन्हा सांबार मागितला. साडेसात वाजता माझ्या फाशावर वीस पडले.

"कोथिंबीर!" मी असा किंचाळलो की खालच्या काकूंनी छताला काठी ठोकली.

"बरोबर," डीएम म्हणाला. त्याने वही चाळली. "पण खिंडीत कोथिंबीर कुठली? सगळ्यात जवळचा बाजार बारा कोसांवर आहे."

तिथे कोथिंबिरीला काय म्हणतात, ते पुढच्या रविवारी.