ती नक्षी जपानी नाही, शे समाजाची आहे

लाल कागदी नक्षीचे काही फोटो ‘जपानी किरिगामी, फक्त कात्रीची कमाल’ म्हणून फिरताहेत. किरिगामी म्हणजे कागद दुमडून कापण्याची जपानी कला; इथे ते नाव चूक आहे. ही कला चीनच्या फूच्येन, चच्यांग प्रांतांतल्या डोंगराळ भागातल्या शे या अल्पसंख्याक समाजाची आहे. चिनी कागद-कातरकाम २००९ पासून युनेस्कोच्या वारसायादीत आहे.

आणि फक्त कात्री? चिनी कातरकामात सुरीही चालते. चरबी आणि राखेच्या मऊ थरावर कागदांची चळत ठेवून सुरी अगदी उभी धरतात, म्हणजे खालच्या कागदावरही रेघ तशीच उतरते. आतली बारीक नक्षी आधी, बाहेरची कड शेवटी; नाहीतर कागद हातात लुळा पडतो. असे नमुने भरतकामासाठीही वापरतात. कापडावर ठेवून वरून टाके घातले की कागद धाग्याखाली कायमचा झाकला जातो. कृपया फोटो पुढे पाठवताना शे लोकांचं नाव लिहा.