निशिगंध ‘एकदाच फुलला’ : नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई,

एकच तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण सोबत कुंडीचा फोटो टाकलात हे फार बरं केलंत. तुमचं म्हणणं असं, की गेल्या वर्षी आमच्याकडून नेलेल्या निशिगंधाला एकदाच फुलं आली, वास जेमतेम होता आणि यंदा नुसती पात. म्हणजे आम्ही हलके कंद गळ्यात मारले, तर पैसे परत करा.

निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलांचा दांडा देतो. तो कंद तिथेच संपतो, पण तोवर त्याच्या भोवती पिल्लं धरलेली असतात आणि पुढचा बहर त्या पिल्लांचा असतो. तुमच्या कुंडीत एवढी दाटी झाली आहे की माती दिसत नाही. अशा गड्ड्यात पिल्लं पोसत नाहीत. कंद सुपारीएवढा तरी व्हावा लागतो, त्याआधी तो पातीच काढत बसतो. त्यात दर पंधरवड्याला युरिया घालता असं तुम्हीच लिहिलंय. मग पात माजणारच! युरिया आजपासून बंद, आणि कुंडी निदान पाच-सहा तास ऊन लागेल अशी ठेवा. फोटोत ती जिन्याखाली दिसते.

वासाबद्दल. तुम्ही नेलेली ‘सुवासिनी’ ही दुहेरी, म्हणजे पाकळ्यांच्या एकाहून जास्त ओळींची जात, बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची. भरगच्च फूल, फुलदाणीत देखणं, पण वास एकेरीपेक्षा मंद. गजऱ्याला आणि घमघमाटाला त्याच संस्थेची एकेरी ‘प्रज्वल’ घ्यावी. (दोन्ही शेजारी ठेवल्या की दहातले आठजण दुहेरीच उचलतात, काय करणार.)

फुललेल्या कंदाचे पैसे परत देता येणार नाहीत. मात्र गड्डा आम्ही फुकट फोडून देऊ. थंडीत पात पिवळी पडायला लागली की पाणी तोडा आणि फेब्रुवारीअखेर या. मधला वाळका, जुन्या दांड्याचा खुंट असलेला कंद काढून टाकायचा, जाड पिल्लं बारा इंची कुंडीत चार, दोन इंच खोल लावायची. त्यांना तीन-साडेतीन महिन्यांत दांडे येतील. बारीक पिल्लं वेगळ्या कुंडीत, त्यांना आणखी एक हंगाम द्या.

कुंडीसकटच आणा, उपटून पिशवीत नको. सोमवारी आम्ही बंद असतो.